दिव्यांगांचा ‘पगार’ आणि पडताळणी: पहिल्यांदाच सामोरं जाणाऱ्यांसाठी

दिव्यांगांना सरकारकडून दर महिन्याला मिळणाऱ्या पैशांना आमच्याकडे अनुदान कुणी म्हणत नाही. संजय गांधीचा पगार म्हणतात. मराठवाड्यात काही गावांत अजून डोल म्हणतात. दादाचा हा पगार गेल्या वर्षी चार महिने आला नाही, तेव्हा घरात सगळ्यांनी एकच अर्थ काढला: नाव कापलं. “पोलिओने गेलेला पाय काय उगवून आला का?” असं आई येईल त्याला विचारायची. वहिनीने तर नव्याने अर्ज भरायला घेतला. पाचव्या महिन्यात कळलं, की पैसे दर महिन्याला येत होते, फक्त दुसऱ्याच खात्यात. गावात एका बँकेचा मेळावा भरला होता. तिथे दादाने आधार देऊन शून्य रकमेचं खातं काढलं आणि पासबुक ट्रंकेत टाकून विसरला. चारही हप्ते त्या खात्यात निमूट बसून होते.

तेव्हापासून आळीतल्या लोकांचे कागद बघायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अशी पंचवीस-तीस प्रकरणं पाहून झाल्यावर एक गोष्ट पक्की सांगू शकते. ज्यांचा पगार अडकतो, त्यातल्या बहुतेकांचं अपंगत्व कुणी नाकारलेलं नसतं. अडकलेलं असतं ते नाव, खातं, तारीख, नाहीतर अंगठा. म्हणून घाबरून नवा अर्ज करायचा नाही. गाठ कुठे बसलीय ते आधी शोधायचं. पुढचं सगळं महाराष्ट्रातल्या योजनांबद्दल आहे. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतही दरवर्षी हयातीचा दाखला लागतो, पण तिथलं कार्यालय आणि अर्ज वेगळे.

आधी ओळखा, पैसे कुठल्या योजनेतले

हे विचारलं की दहातले आठ जण “निराधारचे” एवढंच सांगतात. पण त्यात तीन योजना मिसळलेल्या असतात आणि प्रत्येकीचा तपास वेगळा.

पहिली संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही राज्य सरकारची, १९८० पासूनची. दिव्यांग व्यक्तीसाठी अटी अशा: वय ६५ च्या आत, अपंगत्व किमान ४० टक्के, महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव. विधवा, परित्यक्ता वगैरे इतर लाभार्थ्यांना उत्पन्नाची मर्यादा २१,००० आहे. पुष्कळदा सेवा केंद्रातली मुलं दिव्यांगांनाही २१,००० च सांगतात, तेव्हा हा आकडा पाठ ठेवा.

दुसरी श्रावणबाळ, राज्याचीच, ज्येष्ठ निराधारांसाठीची. वयाची ६५ वर्षं पूर्ण झाली की माणूस संजय गांधीतून इकडे यायला हवा. वय मोजतात ते आधारवरच्या जन्मतारखेवरून, आणि जुन्या लोकांच्या आधारवर ‘१ जानेवारी’ ही तारीख किती जणांची आहे ते तुम्हाला ठाऊक असेल. ६५ जवळ आलं असेल तर दोन-तीन महिने आधीच तहसीलमध्ये विचारून ठेवा.

तिसरी केंद्राची, इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तीवेतन योजना. तिला अपंगत्व ८० टक्के लागतं आणि घर दारिद्र्यरेषेखालच्या यादीत असावं लागतं. तिच्यात केंद्राचे महिना ३०० रुपयेच असतात, बाकीची भर राज्य घालतं.

राज्याची रक्कम जुलै २०२३ पासून १,५०० झाली आणि दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २,५००. इथेच पहिली तपासणी तुम्ही स्वतः करा. घरातला माणूस दिव्यांग आहे, पण पासबुकात अजून १,५०० च पडतायत? मग त्याची नोंद पोर्टलवर दिव्यांग म्हणून झाली आहे का, ते विचारा. आमच्या आळीत एक मावशी दोन्ही कानांनी ऐकू शकत नाहीत, पण त्यांचं प्रकरण वीस वर्षांपूर्वी विधवा म्हणून मंजूर झालेलं. कागदावर त्या विधवाच. दिव्यांग असल्याचा एकही पुरावा फाईलला लावलेला नव्हता. प्रमाणपत्र नेऊन दिलं, प्रवर्ग बदलण्याचा अर्ज दिला, मग कुठे गाडी हलली.

फाईल करा, पिशवी नको

बहुतेक घरांत हे कागद साडीच्या दुकानाच्या पिशवीत असतात आणि पिशवी धान्याच्या कोठीवर. एक चाळीस रुपयांची क्लिप फाईल आणा. तिच्यात हे असावं: आधार, मूळ मंजुरीचा आदेश (त्यावरचा प्रकरण क्रमांक आणि बैठकीची तारीख सोन्यासारखी जपा), अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र), पासबुकाचं पहिलं पान आणि शेवटची नोंद असलेलं पान, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, चार फोटो. प्रत्येकाच्या तीन झेरॉक्स. शिवाय सगळ्याचे फोटो काढून घरातल्या दोन मोबाईलवर ठेवा.

फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने चार तारखा लिहा: हयातीचा दाखला शेवटचा कधी दिला, उत्पन्नाचा दाखला कधीपर्यंत चालतो, प्रमाणपत्राची मुदत कधी संपते, बँकेची केवायसी शेवटची कधी झाली. पेन्सिलीने अशासाठी, की दर वर्षी खोडून नव्या लिहायच्या आहेत.

आता सगळे कागद टेबलावर ओळीने मांडा आणि नाव अक्षर-अक्षर जुळवून बघा. आधारवर दत्तात्रय, प्रमाणपत्रावर दत्तात्रेय, पासबुकावर दत्ता. आपल्याला तो एकच माणूस दिसतो, संगणकाला तीन दिसतात. बायकांचं तर विचारू नका. लहानपणी काढलेलं प्रमाणपत्र माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, बँकेचं खातं आणखी तिसऱ्याच रीतीने. माझा सल्ला असा, की आधार हे मूळ धरा आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवून घ्या. नाव लग्नामुळे बदललं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र सोबत ठेवा. ते नसेल तर राजपत्रात नावबदल छापून घ्यावा लागतो. यात वेळ जातो. म्हणून हे काम नोटीस यायच्या आधी करायचं.

हयातीचा दाखला

वर्षातून एकदा तुम्ही जिवंत आहात हे सिद्ध करायचं असतं. ऐकायला विचित्र वाटतं, पण मेलेल्या माणसाच्या नावावर वर्षानुवर्षं पैसे उचलल्याची उदाहरणं प्रत्येक तालुक्यात निघतात, त्यामुळे ही तपासणी चुकणार नाही हे धरूनच चला.

आमच्या तालुक्यात हा दाखला वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत मागतात. तुमच्याकडे तारीख वेगळी असू शकते. तहसीलच्या ‘संगायो’ शाखेबाहेर (संजय गांधी योजनेचं हे सरकारी लघुरूप, शिपायालाही तेवढंच सांगितलं की पुरतं) नोटीस लागते, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागते, गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर फिरते. गटावरच्या निरोपावर विसंबू नका. मागच्या वर्षीचा निरोप या वर्षी पुन्हा फिरतो.

पूर्वी लाभार्थी बँकेत किंवा तहसीलमध्ये स्वतः उभा राहायचा आणि छापील अर्जावर सही-शिक्का मिळायचा. आता मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला निघतो. त्यासाठी ‘बेनिफिशियरी सत्यापन’ हे अॅप आणि त्याच्या जोडीला आधारचं ‘फेस आरडी’ अॅप लागतं. गावात तलाठी किंवा सेवा केंद्रातला मुलगा हे करून देतो. (तलाठ्याचं नाव आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय. गावात कुणी तसं म्हणत नाही, पण अर्जावर लिहिताना लिहा.) घरी करणार असाल तर खिडकीसमोर बसवा, पाठीमागे उजेड नको. चष्मा काढा. टोपी, पदर, मफलर कपाळावरून मागे घ्या. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर धरा.

खरी अडचण वेगळीच आहे. ही यंत्रं धडधाकट माणूस डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली असतात. दादाच्या कुबड्यांच्या मुठींनी त्याचे तळवे असे झिजलेत, की अंगठा यंत्रावर उमटतच नाही. केंद्रातला मुलगा सारखा म्हणत होता, “काका, जोरात दाबा.” दादाने एवढा दाबला की नख पांढरं पडलं. तरी लाल पट्टी. मग मुलाने त्याचा अंगठा आपल्या शर्टाला पुसला, ओल्या रुमालाने पुसला, शेवटी डाव्या हाताची करंगळी लावली आणि तेवढीच लागली. कुष्ठरोगाने बोटं गेलेली माणसं, डोळ्यांची उघडझाप करू न शकणारी माणसं, मान स्थिर धरता न येणारी मुलं यांची तर आणखी पंचाईत.

यावर हाताशी असलेल्या गोष्टी सांगते. एक, बोटं किंवा डोळे नसतील तर आधार केंद्रात तशी नोंद करून आधार काढता येतं. ज्यांच्या बोटांचे ठसे गेलेत त्यांनी डोळ्यांची बुबुळं आणि चेहरा यांची नोंद ताजी करून घ्यावी. दोन, रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलंय, की ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग ग्राहकांना घरपोच सेवा द्या. त्यात केवायसीचे कागद आणि हयातीचा दाखला घरून नेणंही आहे. शाखेत बहुतेकदा “आमच्याकडे असलं काही नाही” असं ऐकावं लागतं. तेव्हा तोंडी बोलू नका, शाखा व्यवस्थापकाच्या नावे अर्ज द्या. तीन, सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी अॅसिड हल्ल्यातल्या आणि दृष्टिहीन याचिकाकर्त्यांच्या प्रकरणात निकाल दिला, की डिजिटल केवायसी दिव्यांगांना जमेल अशी असली पाहिजे. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. “डोळे मिचकावा” असं यंत्र म्हणतंय आणि माणसाला ते शक्य नाही, अशा वेळी अर्जात या निकालाचा उल्लेख करा.

दाखला दिला की पोच घ्या. कागदावर दिला तर आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. अॅपवर दिला तर शेवटच्या पडद्याचा स्क्रीनशॉट. पोच न घेता तहसीलमधून बाहेर पडणं म्हणजे न जाण्यासारखंच आहे. कारकून बदलतो, टेबल बदलतं, आणि “तुम्ही दिलाच नाही” म्हणायला कुणाचं काही जात नाही.

आणखी एक. लाडकी बहीणची ई-केवायसी आणि हे एक नव्हे. आमच्या गल्लीत दोघींनी ती केवायसी केली आणि निराधारचंही झालं म्हणून निवांत बसल्या. आणि फोनवर ओटीपी मागणारा कुणीही तहसीलमधून बोलत नसतो. “पगार बंद होणार आहे” म्हणून जो ओटीपी मागतो, त्याला पगारच हवा असतो.

उत्पन्नाचा दाखला

हा तहसीलदारांच्या सहीचा असतो आणि सेवा केंद्रातून अर्ज करायचा. खेड्यात तलाठ्याचा अहवाल लागतो. एक वर्षाचा दाखला ३१ मार्चपर्यंत चालतो, म्हणून फेब्रुवारीत काढलेला दाखला दोन महिन्यांत शिळा होतो. नोटिशीत दाखला मागितला असेल तर कुठल्या आर्थिक वर्षाचा, ते आधी वाचा.

५०,००० ची मर्यादा किती तोकडी आहे ते हिशेबाने बघा. रोजगार हमीचा दर २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एका माणसाने वर्षात १६१ दिवस काम केलं की मर्यादा ओलांडली. म्हणजे बायकोने शेतमजुरी केली म्हणून नवऱ्याचं अपंगत्वाचं अनुदान धोक्यात. मला ही अट अन्यायाची वाटते आणि मी ते अर्जांतही लिहिते. पण म्हणून खोटा आकडा सांगू नका. घरातली जमीन, पीककर्ज, कुणाची नोकरी या गोष्टी आता एकमेकांना जोडलेल्या आहेत. मुलगा वेगळा राहत असेल तर रेशनकार्ड खरोखर वेगळं करून घ्या, नुसतं तोंडी “तो बघत नाही” म्हणून भागत नाही.

प्रमाणपत्र आणि यूडीआयडी

सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो, म्हणून सावकाश वाचा.

२०१६ चा दिव्यांग हक्क कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि अपंगत्वाचे प्रकार २१ झाले. आता प्रमाणपत्र ‘स्वावलंबन’ पोर्टलवरून निघतं आणि त्यासोबत यूडीआयडी कार्ड मिळतं. कार्डावरची रंगाची पट्टी बघा: पांढरी म्हणजे ४० टक्क्यांच्या खाली, पिवळी म्हणजे ४० ते ७९, निळी म्हणजे ८० आणि वर. पगारासाठी पिवळी किंवा निळी लागते.

हाताने लिहिलेलं जुनं प्रमाणपत्र, किंवा मधल्या काळात राज्याच्या ‘एसएडीएम’ प्रणालीतून निघालेलं प्रमाणपत्र तुमच्याकडे असेल, तर त्यावरून यूडीआयडी करून घ्या. पडताळणीत आता पहिला प्रश्न यूडीआयडी क्रमांकाचाच असतो.

मग प्रमाणपत्रावर ‘कायमस्वरूपी’ लिहिलंय की ‘तात्पुरतं’, ते शोधा. ज्या अपंगत्वात पुढे फरक पडायची शक्यता नाही, त्याचं प्रमाणपत्र कायमचं असतं, असं नियमच सांगतो. तात्पुरत्यावर मुदत छापलेली असते. लहान मुलांची, मानसिक आजारांची, उपचार चालू असलेली प्रमाणपत्रं सहसा मुदतीची. मुदत संपायच्या किमान चार महिने आधी पोर्टलवर नूतनीकरणाचा अर्ज करा. २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे प्रमाणपत्र देण्यासाठी रुग्णालयाला तीन महिन्यांपर्यंत वेळ आहे. शेवटच्या आठवड्यात अर्ज केला, तर मधले महिने पगार लटकला म्हणून समजा. अर्जाचा नोंदणी क्रमांक असलेली पावती तहसीलमध्ये नेऊन द्या आणि तिचीही पोच घ्या; प्रकरण थांबलंय ते तुमच्या हलगर्जीमुळे नाही, हे फाईलला लागायला हवं.

आता बोर्डाचा, म्हणजे डॉक्टरांपुढे तपासणीचा दिवस. जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी अस्थिरोग, नेत्र, कान-नाक-घसा, मानसोपचार असे डॉक्टर बसतात. कुठला वार कुणाचा, ते आधी फोन करून किंवा जाणाऱ्याकडून विचारा; बुधवारी जाऊन “हाडांचे डॉक्टर शुक्रवारी” ऐकून परत येणं आम्ही केलंय, कुबड्यांसकट, एसटीने. पहाटे निघा. डबा, पाणी, बसायला एक चादर सोबत घ्या. जुने एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनचे कागद, चालू गोळ्यांची चिठ्ठी न्या. बहिरेपणासाठी ऐकण्याची तपासणी आणि मतिमंदत्वासाठी बुद्ध्यांक चाचणी लागते. तुमच्या रुग्णालयात ती होत नसेल तर दुसरीकडे पाठवतात, म्हणजे आणखी एक खेप.

डॉक्टर विचारतील, काय त्रास आहे. इथे आपली माणसं हमखास चुकतात. दादाला विचारलं, “जिना चढता येतो?” दादा ताठ बसून म्हणाला, “हो की, जमतंय.” आयुष्यभर कुणापुढे लंगडं दिसायचं नाही म्हणून झगडलेला माणूस, तो डॉक्टरांपुढे तरी वेगळं कसं बोलणार! मी मध्ये बोलले, “साहेब, कठडा धरून, एकेक पायरी, आणि वर गेल्यावर दहा मिनिटं बसून.” डॉक्टरांनी लिहून घेतलं. वाढवून सांगायचं नाही, पण मान राखायला कमीही सांगायचं नाही. जे कसं जमतं तेच सांगायचं. सोबत जाणाऱ्याचं खरं काम हेच.

टक्के किती येतील याचा अंदाज गावात मिळतो तो बहुधा चुकीचा. उदाहरण द्यायचं तर एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल, तर मोजणीच्या कोष्टकात ३० टक्के येतात, ४० नाही. अशा माणसाला दलाल “करून देतो” म्हणतो, त्यापासून लांब राहा.

टक्केवारी मान्य नसेल तर अपील आहे. कायद्याच्या कलम ५९ खाली, निर्णयापासून ९० दिवसांत, राज्याने नेमलेल्या अपील प्राधिकरणाकडे. दाद मागताना नव्या तपासण्यांचे कागद जोडा. नुसतं “कमी दिले” लिहून काही होत नाही.

मूल बौद्धिक अपंगत्वाचं, स्वमग्न किंवा सेरेब्रल पाल्सीचं असेल आणि १८ पूर्ण होत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाचा आदेश घ्या. ही तरतूद १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात आहे. तो आदेश नसेल तर मूल सज्ञान झाल्यावर बँक त्याच्या खात्यावर आईबापांची सही घ्यायला कां कूं करते.

घरी येणारी चौकशी

तलाठी, कधी मंडळ अधिकारी घरी येतात. घर कसलं, जमीन किती, कोण कमावतं, लाभार्थी इथेच राहतो का, एवढं बघतात आणि जबाब लिहून घेतात. दुचाकी दारात आहे म्हणून घाबरू नका. कुणाची आणि कशी घेतली ते सांगा. जबाब वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, आणि मगच अंगठा. त्या दिवशी लाभार्थी दवाखान्यात किंवा बहिणीकडे गेला असेल तर “आढळून आला नाही” असं लागायची भीती असते. शेजाऱ्याला सांगून ठेवा, आणि कळल्या कळल्या जाऊन भेटा.

पगार थांबला तर, या क्रमाने

सर्वांत आधी बँक. २०२५ पासून हे पैसे थेट आधारला जोडलेल्या खात्यात येतात. आधार अनेक खात्यांना दिलेलं असू शकतं, पण सरकारी पैसे येतात ते एकाच खात्यात: सगळ्यात शेवटी ज्याचं सीडिंग (सरकारी पैशांसाठी आधारची जोडणी) झालं, तिथे. बँकेत “आधार लिंक आहे का?” असं विचारलं तर “आहे” असंच उत्तर मिळतं आणि ते खरंही असतं. विचारायचं ते हे: “सरकारी पैशांसाठी माझं आधार सध्या कुठल्या बँकेला जोडलेलं आहे?” आधारच्या संकेतस्थळावरही मोबाईलवर ओटीपी घेऊन हे दिसतं. दादाचे चार हप्ते या एका प्रश्नाने सापडले. खातं केवायसी नसल्याने गोठलं असेल तर तेही इथेच कळतं.

खातं ठीक असेल तर तहसील. संगायो शाखेत प्रकरण क्रमांक देऊन पोर्टलवरची स्थिती बघायला सांगा: आधार पडताळणी राहिलीय, नाव जुळत नाही, हयातीचा दाखला नाही, की समितीने (प्रकरणं मंजूर-नामंजूर करणारी तालुक्याची समिती) अपात्र ठरवलंय. पडद्यावर जे लिहिलंय ते शब्दशः वहीत उतरवून घ्या. महिन्याच्या सुरुवातीला पैसे आलेले नसतात तेव्हा खिडकीवर झुंबड असते. मधल्या आठवड्यात दुपारी तीननंतर जा.

अपात्र ठरवलं असेल तर कारण लेखी मागा. तोंडी “तुमचं नाव उडालं” याला काही किंमत नाही. लेखी मिळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज टाका: दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराला ३० दिवस, दारिद्र्यरेषेखालच्यांना फी माफ. “माझ्या प्रकरणात अनुदान थांबवण्याच्या निर्णयाची प्रत आणि त्यावरची टिपणी” एवढंच मागा. लांबलचक प्रश्नावली नको. माझा अनुभव असा, की हा अर्ज गेला की उत्तर यायच्या आधीच पुष्कळदा पगार सुरू होतो. त्यानंतर तहसीलदारांकडे फेरतपासणीचा अर्ज, मग जिल्हाधिकारी कार्यालय, ‘आपले सरकार’वरची तक्रार, आणि शेवटी पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. प्रत्येक अर्जाला मागच्या पोचेची झेरॉक्स जोडा. थांबलेल्या महिन्यांची थकबाकी मिळावी, असं अर्जात वेगळं वाक्य लिहा. लिहिलं नाही तर नुसता पुढचा पगार चालू होतो.

खोट्या प्रमाणपत्रांची मोहीम

२०२५ मध्ये राज्याच्या दिव्यांग कल्याण विभागाने सरकारी कर्मचाऱ्यांची अपंगत्वाची प्रमाणपत्रं तपासायला लावली. नोकरी, बदली, बढती यांसाठी खोटे कागद लावणाऱ्यांमागे ही मोहीम आहे, आणि ती व्हायलाच हवी होती. खोटेपणाने दिव्यांगांचा लाभ घेतला तर कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण तिची बातमी गावात पोचता पोचता “सगळ्यांची कार्डं रद्द होणार” अशी झाली. आमच्या शेजारच्या काकूंनी तर भीतीने दोन हप्ते बँकेतून काढलेच नाहीत. खरं प्रमाणपत्र असलेल्याला यात फेरतपासणीला बोलावलं तर जावं, जाताना जुने कागद न्यावेत. न जाणं मात्र अंगाशी येतं, कारण गैरहजेरी म्हणजे लपवाछपवी असा अर्थ लावला जातो.

पत्ता बदलला, माणूस गेला

दुसऱ्या तालुक्यात राहायला गेलात तर प्रकरण वर्ग करायचा अर्ज जुन्या तहसीलमध्ये द्या. दोन्हीकडे नाव ठेवू नका आणि नव्या ठिकाणी नवीन प्रकरणही करू नका. आधार एकच असल्याने दोन्ही अडकतात.

लाभार्थी वारला तर मृत्यूचा दाखला आणि पासबुकाची झेरॉक्स लगेच संगायो शाखेत द्या. तेराव्याच्या धावपळीत हे कुणाच्या ध्यानात राहत नाही, आणि एटीएम कार्ड घरातच असतं. आमच्याकडे एका घरात आजोबांनंतर सात महिने पैसे निघत राहिले, नातवाला वाटायचं आजोबांचे साठलेले आहेत. मग वसुलीची नोटीस आली, आणि त्याच घरातल्या अपंग सुनेचं प्रकरण समितीपुढे होतं ते मागे पडलं. मृत्यूच्या महिन्यापर्यंतची थकबाकी असेल तर वारसाने तीही त्याच अर्जात मागावी.